चाळीसचा काटा

माझ्या फटफटीच्या हेडलाइटच्या डोक्यावर दोन मीटर आहेत. मोठा वेगाचा, आणि त्याच्या शेजारी रुपयाएवढा छोटा, बॅटरी चार्ज होते की नाही ते दाखवणारा. दोन्ही कित्येक वर्षं मेलेले होते. मोठ्याचा काटा शून्यावर पडून होता, आणि काचेच्या आत एवढी धूळ साचली होती की ते शून्यही नीट दिसत नव्हतं. दोन्ही मीटर मी घरी, स्वतःच्या हातांनी खोलून दुरुस्त केले. तीन-साडेतीन महिने लागले. कुणी विचारलं तर सांगायचो, रिकामा माणूस, दुसरं काय करणार. ते खोटं होतं. मला एक गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि मीटर चालू झाल्याशिवाय ती कळणार नाही असं मला वाटत होतं.

मी कापसाचा ग्रेडर. म्हणजे होतो. दिग्रसजवळच्या एका खरेदी केंद्रावर माझी सगळी नोकरी झाली. आलेल्या गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातून मूठभर काढायचा, सरकीपासून रुई सोडवायची आणि तिचा पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढायचा. ओढताना धाग्याची लांबी कळते आणि तुटताना ताकद. कागदावर लिहिताना सोबत मोजपट्टी असायची, पण ती आधी लावणारे ग्रेडर मला कच्चे वाटायचे. मी आधी बोलायचो आणि मग पट्टी लावायचो. पट्टीने मला फारसं कधी खोटं पाडलं नाही, आणि त्याचा मला जरा जास्तच माज होता. ते ओढणं बोटांत इतकं मुरलं होतं की लग्नाच्या पंगतीत बसलो तरी कुणाच्या तरी उपरण्याचा सुटलेला दोरा माझ्या चिमटीत यायचा. समोरच्या पंगतीतून बायको डोळे वटारायची.

मग ती वाईट वर्षं आली. कापूस पिकेना, पिकला तर भाव मिळेना, आणि केंद्रावर आलेल्या गाड्या दोन-दोन दिवस तिष्ठत राहायच्या. पुढे केंद्रंच कमी होत गेली. कापूस व्यापाऱ्यांकडे जाऊ लागला, आणि तिथे ग्रेडर लागत नाही. व्यापारी एकदा गाडीकडे बघतो, एकदा शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि भाव सांगून मोकळा होतो. आम्हाला कागद देण्यात आला: मुदतीआधी निवृत्ती घ्या. मी सही केली. माझी बोटं शाबूत होती, फक्त त्यांच्यात द्यायला कुणाजवळ कापूस उरला नव्हता. घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, बरं झालं, आता माझे तांदूळ निवडा. मी खरंच निवडायला बसलो.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. आम्ही दोघं आणि ही फटफटी. गाडी मी नोकरीला लागलो तेव्हा जुनीच घेतली होती. आता तर तिचं वय विचारू नये असं झालं आहे. लग्नानंतर पहिल्या पोळ्याला बायकोला मागे बसवून सासुरवाडीला निघालो. नवी बायको मागे, तेव्हा मूठ जरा जास्तच पिळली जाते. एका वळणावर सरकीची पोती घेऊन जाणारी बैलगाडी समोर आली आणि आम्ही दोघं गाडीसकट कापसाच्या, पऱ्हाटीच्या वावरात. मला काही झालं नाही. तिचा हात मनगटात मोडला. प्लास्टर बांधून घरी आल्यावर तिने एकच गोष्ट सांगितली, आणि ती चिडून नव्हे, अगदी शांतपणे सांगितली:

"काटा चाळीसच्या वर गेला, तं मी तिथंच उतरीन."

ती उतरली असती. म्हणून आमचा जन्म चाळीसने गेला. ती माझ्या उजव्या खांद्यावरून वाकून मीटर बघायची, काटा चाळीसला टेकला की माझ्या पाठीवर एक बोट ठोकायची. बस्स, आणखी काही नाही. पस्तीसला गेलं की तिचं अंग सैल व्हायचं, ते मला पाठीला कळायचं. आमच्या मागून निघालेल्या लुना पुढे जायच्या. केंद्रावरचे लोक हसायचे की साहेबांच्या गाडीला मागून ब्रेक आहे.

पुढे केबल तुटली आणि मीटर मेला. नवी केबल टाकली तरी काटा हलेना; आतलं ग्रीस वाळून दगड झालं असावं. आज करू, उद्या करू असं म्हणत ते राहूनच गेलं. आता ती खांद्यावरून बघायची नाही, विचारायची. "किती हाय?" मी सांगायचो, "चाळीस." ती म्हणायची, "मंग ठीक हाय." कधी कधी कुरकुर करायची की कायले अंदाजानं सांगता, मीटर दुरुस्त करून घ्या ना. मी म्हणायचो, जो माणूस पट्टीशिवाय धाग्याची लांबी सांगतो त्याला चाळीस कळत नाही का? इंजिनाच्या आवाजावरून, वाऱ्यावरून मला बरोब्बर कळतं. ती हसायची. माझ्या बोटांवर तिचा विश्वास होता, आणि मी तो माझ्या कानांनाही लागू करून घेतला.

ती गेली तो दिवस कापूस वेचणीच्या ऐन हंगामातला. सकाळी उठली तीच पाठीत, दोन खांद्यांच्या मधे दुखतंय म्हणत. गॅस असेल म्हणून ओवा खाल्ला, गरम पाणी प्यायली. मग तिच्या कपाळावर घाम आला. थंडीचे दिवस, आणि लुगड्याचा पदर ओला. यवतमाळची एसटी यायला वेळ होता, आणि गावातल्या जीपा वेचणीच्या बाया आणायला पहाटेच निघून गेल्या होत्या. मी तिला फटफटीवर बसवलं. निघताना घड्याळ पाहिलं नाही. मागे वळून हजार वेळा आठवून पाहिलं, पण किती वाजता निघालो ते मला आजही सांगता येत नाही.

आर्णीत एका दवाखान्यासमोर थांबलो तर शटर खाली. तिथल्या पायरीवर तिला बसवलं. तिला उलटी झाली, मग जरा बरं वाटलं. पाणी प्यायली. आम्ही तिथे दहा मिनिटं होतो की अर्धा तास, तेही मला ठाऊक नाही. तीच म्हणाली, चला, बसून काय होते. आर्णी सुटल्यावर मी मूठ पिळली. एवढं मला नक्की आठवतं, की नेहमीपेक्षा पिळली, कारण पेट्रोलच्या टाकीचं झाकण वाजायला लागलं. त्या झाकणाखालचा रबरी वायसर आकसून गेला होता, पण आमच्या रोजच्या चालीत ते कधी वाजलं नव्हतं. त्या दिवशी ते घुंगरासारखं वाजत होतं. ते तिनेही ऐकलं असणार. तिने मागून विचारलं, "किती हाय?"

मी म्हणालो, "चाळीस."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि तिने डोकं माझ्या पाठीवर टेकलं.

यवतमाळच्या दवाखान्यात ती स्वतःच्या पायांनी आत गेली. मी बाहेर कागद भरत होतो तेवढ्यात सगळं संपलं. खिडकीतला माणूस रजिस्टरमध्ये लिहीत होता. मान वर न करता, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं तो म्हणाला, अर्धा तास आधी आणलं असतं ना, तर काहीतरी करता आलं असतं. त्याचा माझ्यावर राग नव्हता. त्याने मला पाहिलंसुद्धा नव्हतं.

तो अर्धा तास माझ्या घरात राहायला आला. सकाळी दूध घेऊन तांड्यावरची बाई येते, तेवढंच काय ते दिवसभरातलं बोलणं. बाकी सगळा दिवस तो अर्धा तास आणि मी. चहा करायला घेतला की तो समोर, कुलूप लावून बाहेर पडलो की तो सोबत. त्याला मी एकच उत्तर देत असे: मी तिच्याशी खोटं बोललो होतो. जन्मात पहिल्यांदा. झाकण वाजत होतं म्हणजे गाडी साठला तरी नक्की होती. मी तिला चाळीस सांगून साठने नेलं. मला करता येण्यासारखं जे होतं ते मी केलं, याहून जास्त कुणालाच करता आलं नसतं. या एका खोट्यावर मी सव्वा-दीड वर्ष काढलं. फटफटी पोत्याखाली उभी होती, मी एसटीने हिंडत होतो. आणि मग एका दुपारी, काही कारण नसताना, मनात आलं: ती साठला होती हे तुला सांगितलं कुणी? तो काटा तर मेलेला होता.

त्यानंतर मला चैन पडेना. माझं झाकणाचं म्हणणं खरं आहे की नाही ते बघायचंच होतं. झाकणाचा वायसर अजून तसाच होता, गाडी तीच, रस्ता तोच. फक्त मीटर चालू व्हायला हवा होता; मग झाकण कितीला वाजतं ते काटाच सांगेल. गॅरेजमध्ये नेली तर मिस्त्री म्हणाला, हे जुनं कायले ठेवता, नवं मीटर बसवून देतो, अर्ध्या तासाचं काम. अर्धा तास हे शब्द त्याने उच्चारले आणि मी गाडी ढकलतच घरी परत आणली. मग ठरवलं, आपणच करायचं.

आधी छोटा मीटर खोलला. हात बसावा म्हणून. त्याच्या आत फारसं काही नसतंच. रॉकेलने धुतला, दोन टोकं घासून चकचकीत केली, आणि गाडी सुरू केल्यावर त्याचा काटा थरथरत उजवीकडे गेला. मला एवढा आनंद झाला की तो कुणाला दाखवावा म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी दूधवालीला दाखवला. तिला वाटलं, मी घड्याळ दुरुस्त करतो आहे. म्हणाली, किती वाजले मंग?

मोठ्या मीटरच्या काचेभोवती पत्र्याची कडी दाबून बसवलेली असते. ती एकदम उचकटली तर चिरते. बोथट पेचकसाने गोल फिरत केसभर केसभर वर उचलायची. याला मला चार दिवस लागले. काच निघाली, खालची रबरी रिंग चिवड्यासारखी चुरा होऊन बाहेर आली. काटा काढायला मला हत्यार सापडेना; ओढला तर वाकणार. शेवटी स्वयंपाकघरातले दोन चमचे आणले, तबकडीवर कागद ठेवला, दोन्ही बाजूंनी चमचे घातले आणि एकदम दाबले. टक करून काटा वर आला. ते चमचे तिच्या चहाच्या डब्यातले होते. मी ते धुऊन परत डब्यात ठेवले. तिने पाहिलं असतं तर माझी खैर नव्हती.

तबकडीवरचे आकडे उडाले होते. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर वीस जवळजवळ निघूनच गेलं, मग हात आवरला. बारीक ब्रशने, श्वास रोखून, एकेक आकडा परत भरला. माझं अक्षर बरं आहे. कापसाच्या गाठींवर नंबर घालून घालून ते तसं झालं. चाळीस मी सगळ्यात शेवटी भरला. तो जरा जाड झाला. बाकीच्या आकड्यांत तो उठून दिसतो, पण मी पुसला नाही.

तबकडीखाली खरं यंत्र. केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्यावर अॅल्युमिनियमची पातळ वाटी असते, ती चुंबकाच्या ओढीने फिरायला बघते, आणि तिला मागे धरून ठेवायला केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते. घड्याळात असते तशीच. सगळं वाळक्या ग्रीसने चिकटलं होतं, जुन्या गुळासारखं. काडीला कापूस गुंडाळून, रॉकेलात बुडवून, मी ते आठ-दहा दिवस सोडवत होतो. कापूस माझ्या घरात अजून होता. तिने वातींसाठी ठेवला होता. चांगला, तलम, लांब धाग्याचा. किलोमीटरच्या आकड्यांची चाकं एकेक करून मोकळी झाली. सर्वात शेवटी ती स्प्रिंग हातात आली. चिमट्याने धरून उजेडात पाहिली. एवढी बारीक, एवढी स्वच्छ. आणि मला कळायच्या आत माझ्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीने तिचं टोक पकडून तिला हलकेच ओढलं.

ताकद बघायला. जन्माची सवय. तुटली नाही, आणि मला बरंच वाटलं. मनात म्हणालो, माल चांगला आहे. आणि सगळं परत जागेवर बसवलं.

गाडी बाहेर काढली तो सकाळचा साडेआठचा सुमार होता. गल्लीतून निघालो तेव्हा काटा उठला. तो उठलेला बघून माझे डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. आर्णीपर्यंत रमतगमत गेलो, त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. त्या दवाखान्याचं शटर त्या दिवशी उघडं होतं. पुढे यवतमाळच्या रस्त्याला लागलो आणि हळूहळू मूठ पिळत नेली. झाकण वाजलं. मी खाली पाहिलं. काटा साठच्याही थोडा पुढे होता.

मी रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि एका बाभळीखाली जाऊन बसलो. साठ. माझं खोटं खरं होतं. मी तिला साठने नेलं होतं, आणि तरीही ती गेली, म्हणजे ती जाणारच होती. मी बराच वेळ रडलो, बऱ्याच दिवसांनी. घरी आलो आणि त्या आठवड्यात मला अशी झोप लागली की एक दिवस दूधवाली दार वाजवून वाजवून कंटाळली.

हे इथेच संपायला हवं होतं. पण मी पडलो ग्रेडर. गाडी उभी केली की काटा शून्यावर यायचा नाही, आठच्या आसपास घुटमळत राहायचा. रोज अंगणात जाऊन बघायचो आणि रोज तो आठवर. मला ते खुपत होतं. खोटी नोंद कुणी कागदावर ठेवून जावी तसं.

आर्णीच्या बाजारात एक म्हातारे घड्याळजी आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. कपाटाएवढं दुकान, डोळ्याला भिंग. आमच्या केंद्राचं भिंतीवरचं घड्याळ तेच दुरुस्त करायचे. मीटर काढून, फडक्यात बांधून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो उघडला, आकड्यांचं कौतुक केलं, चाळीसच्या जाडीवर हसले. मग भिंग लावून आत पाहिलं आणि पाहतच राहिले.

"साहेब, ही बालकमान तुम्ही ओढली काय?"

बालकमान म्हणजे ती केसासारखी स्प्रिंग. मी हो म्हणालो. का ओढली ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. माझ्या बोटांकडे पाहून त्यांना समजलं असावं. त्यांनी सांगितलं की ती ढिली पडली आहे, आता वाटीला मागे धरायची ताकद तिच्यात उरलेली नाही. काटा असेल त्याहून पुढे पळणार. किती पुढे, मी विचारलं. ते इथं बसून कसं सांगू, ते म्हणाले. मग टेबलाच्या खणातून एक मनगटी घड्याळ काढलं, कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेलं, आणि माझ्या हातात दिलं.

"रस्त्यावर किलोमीटरचे दगड हायेत ना. एका मिनटात दुसरा दगड आला, तं साठ. दीड मिनटात आला, तं चाळीस. याले मीटर कायले लागते?"

साडेतीन महिने मी चमचे आणि काड्या घेऊन बसलो होतो, आणि रस्त्याच्या कडेला ते दगड पहिल्यापासून उभे होते. हे मला सुचू नये? की सुचू द्यायचं नव्हतं? मीटर त्यांच्याकडेच ठेवला आणि फटफटी काढली.

आर्णी सुटली. झाकण वाजू लागेपर्यंत मूठ पिळली आणि तिथेच धरली. दगड आला, सेकंदाचा काटा पाहिला. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या होत्या, काही वेचलेल्या, काही तशाच. झाकण तसंच घुंगरासारखं वाजत होतं. दुसरा दगड आला. एक मिनिट एकोणतीस सेकंद. पुढचा किलोमीटर एक मिनिट बत्तीस. त्याच्या पुढचा पुन्हा दीड मिनिट.

मग मी मूठ आणखी पिळली. मला वाटलं, कदाचित साठलाही वाजत असेल. वाजत असेल तर माझी अजून सुटका होती. गाडी थरथरत पुढे निघाली, वारा कानात शिरला, आणि झाकण गप्प झालं. दगड ते दगड एक मिनिट तीन सेकंद, आणि टाकीवर अगदी शांतता. मूठ सैल केली, गाडी मंदावली, चाळीसच्या आसपास आली, तसं ते परत वाजू लागलं. मी हे तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तसंच.

दगडाजवळ गाडी उभी केली. म्हणजे इतकी वर्षं आवाजावरून मी जे चाळीस चाळीस म्हणत होतो, ते कुठलं तीसच्या घरात असणार. तेव्हा झाकण वाजत नव्हतं. आणि त्या दिवशी साठ समजून जी मूठ पिळली ते होतं चाळीस. मी तिच्याशी खोटं बोललोच नव्हतो. तिने विचारलं आणि मी तिला अगदी खरा आकडा सांगितला. गाडीत वीसची धाव अजून शिल्लक होती आणि मी ती वापरली नाही. साठने गेलो असतो तर ती वाचली असती का, हे मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण मी साठने गेलो नव्हतो. मला स्वतःच्या बोटांचा, कानांचा, सगळ्याच अंगाचा भयंकर राग आला. पट्टी आधी लावली असती, मीटर वेळेवर दुरुस्त केला असता, तर त्या सकाळी काटा माझ्या डोळ्यांसमोर असता.

चाचांच्या दुकानात परत आलो तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका मोडक्या मीटरमधली कमान काढून ठेवली होती. त्यांनी विचारलं, किती आलं. मी म्हणालो, दीड मिनिट. "मंग चाळीस," ते म्हणाले, "या वयाच्या गाडीले चाळीस लय झाले." आणि मी स्टुलावर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पोळा, मोडलेला हात, दवाखान्याची पायरी, झाकण. ते कमान बसवत होते, मान वर केली नाही. सांगून झाल्यावर त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं.

"तिनं इचारलं, अन् तुम्ही चाळीस सांगितलं. मंग ते काय म्हणे?"

"मंग ठीक हाय म्हणाली."

त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं. काटा जागेवर दाबून बसवला आणि काच पुसून मीटर माझ्या हातात दिला. मी घड्याळ परत करू लागलो तर ठेवा म्हणाले, मालक यायचा नाही आता. मी ते नेलं नाही.

मीटर तिथेच, रस्त्यावर, त्यांच्या पेचकसाने गाडीवर चढवला. काटा बरोब्बर शून्यावर होता. निघालो तेव्हा ऊन उतरत होतं आणि दिग्रसकडून रिकाम्या बैलगाड्या येत होत्या. आर्णी मागे पडल्यावर झाकण वाजायला लागलं. मी खाली पाहिलं. काटा त्या जाड चाळीसवर उभा होता, जरासुद्धा हलत नव्हता. मागे विचारणारं कुणी नव्हतं. तरी मी मान थोडी वळवली आणि मोठ्याने सांगितलं, चाळीस.